आत्याच्या अंगात येणं बंद झालं

माझ्या सासूच्या अंगात यायचं. लग्न होऊन मी पुलगावला आले तेव्हा ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं कोणाला वाटलंच नसावं. आमची वस्ती गिरणीच्या मागे, आर्वीला जाणाऱ्या छोट्या गाडीच्या रुळांपलीकडे होती. नवरा गिरणीत कामाला. सासू माझ्या वडिलांची चुलत बहीण लागायची, म्हणून मी तिला आत्याच म्हणत असे.

आठवडाभर आत्या जिनिंगच्या आवारात कापसातला कचरा निवडायची. मुकादम ओरडला तर खाली मान घालून ऐकायची. मंगळवारी मात्र मातामाय देवीच्या ठाण्यापुढं बसली की आधी जांभया यायच्या, मग श्वास वाढायचा, केस सुटायचे, डोळ्यांतल्या बाहुल्या पसरून सगळा डोळा काळा दिसायचा. एकदा मी तिचा हात धरला होता. घामानं चिंब, आणि आतून बर्फासारखा गार. मग घोगरा आवाज यायचा. त्या आवाजाला विचारायला वस्तीतल्या बाया असायच्याच, पण गावातल्या शेतकरी घरांतल्या बायाही वस्तीच्या कडेला पदर ओढून उभ्या राहायच्या. एरवी आमची सावली पडली तर अंग चोरणाऱ्या बाया. आत्या त्यांना अरेतुरे करायची, शिव्या घालायची, आणि त्या हात जोडून ऐकून घ्यायच्या. मी सातवी पास होते, या सगळ्याला अडाणीपणा म्हणायला शिकले होते. तरी त्या बाया हात जोडून उभ्या राहिल्या की मला आतून बरं वाटायचं, हेही खरं.

छप्पन साली आम्ही तिघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. आत्यानं त्या दिवसासाठी पांढरं लुगडं धुऊन, घडी घालून, उशाखाली दाबून ठेवलं होतं. परत आल्यावर देव्हारा मोडायचा होता. देवीच्या टाकाला हात लावताना माझ्या नवऱ्याचा हात थांबला. आत्या म्हणाली, "दे इकडं. म्याच पुजले, म्याच बुडवीन." टोपली डोक्यावर घेऊन ती वर्धा नदीवर गेली आणि मान न वळवता परत आली. तिला कोणी ओढत नेलं नव्हतं. नंतर काही लोकांनी तसं म्हटलं, म्हणून सांगते.

डिसेंबरात ती बातमी आली, नागपूरला ज्यांनी दीक्षा दिली ते गेल्याची. वस्तीत चूल पेटली नाही. माणसं रस्त्यावर बसून लहान मुलांसारखी रडत होती. आत्या अंगणात उभी होती. ती रडली नाही. तिचा श्वास वाढला, बाहुल्या पसरल्या, लुगडं घामानं भिजलं. सगळं तसंच, पण आवाज आला नाही. घोगरा नाही, तिचा स्वतःचाही नाही. भिंतीला टेकून ती कितीतरी वेळ नुसती थरथरत राहिली.

त्यानंतर ते कधीही यायला लागलं. जिनिंगमध्ये, नळावर, भाकरी थापताना. वस्तीत कुजबूज सुरू झाली की हिनं देव पुरते सोडले नाहीत, नदीत टाकले ते दगडच. माझा नवरा नव्या विहाराच्या कामात पुढं होता, सभेत बोलायचा. त्याला लाज वाटू लागली.

"माय, सोड आता हे," तो एकदा जेवताना म्हणाला.

"म्या धरून ठेवलं काय रे?" आत्या म्हणाली. "मले सांग कुठून सोडू, म्हंजे सोडते."

गिरणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला वर्ध्याच्या एका डॉक्टरांबद्दल सांगितलं. ते परदेशात शिकून आले होते आणि मनाच्या आजारात शरीरात काय घडतं यावर संशोधन करत होते. शहराबाहेरच्या एका धर्मादाय दवाखान्यात त्यांना दोन खोल्या आणि एक वॉर्ड मिळाला होता. अंगात येणाऱ्या बाया त्यांना पाहायच्याच होत्या. एका सकाळी त्यांची जीप रुळांपलीकडे येऊन थांबली.

माणूस उंच, गोरा, बोलायला अतिशय मऊ. खाटेवर न बसता खाली चटईवर बसले. मी पाण्याचा पेला पुढं केला. द्यावा की न द्यावा या विचारात माझा हात अर्धवट थांबला, तर त्यांनीच तो घेतला आणि एका दमात संपवला. दारातली माणसं पाहत राहिली. माझा नवरा ती गोष्ट पुढं कित्येक दिवस सांगत होता. आज वाटतं, आमचा निकाल त्या पेल्यातच लागला. आमच्या घरचं पाणी पिणाऱ्या ब्राह्मण डॉक्टरला नाही म्हणायची सवय आम्हाला नव्हती, आणि अशी सवय लागेल इतके डॉक्टर आमच्याकडे आलेही नव्हते.

त्यांनी आत्याची नाडी पाहिली, दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला, डोळ्यांत बत्ती मारली, तळहातावरचा घाम पाहिला. मग आम्हाला समजावून सांगितलं. आपल्या शरीरात मज्जातंतूंचं एक जाळं असं असतं, जे आपलं ऐकत नाही. काळीज धडधडणं, घाम फुटणं, पोटात गोळा येणं हे सगळं त्याचं काम. त्याला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. तिची एक बाजू शरीर पेटवते, दुसरी विझवते.

"यांची पेटवणारी बाजू फार जोरात आहे," ते म्हणाले. "यात देवी नाही, भूत नाही, आणि यांचा दोषही नाही."

दोष नाही हे ऐकून नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

"आन पेटवते कोन?" आत्यानं विचारलं.

डॉक्टर हसले. "तेच तर शोधायचंय, बाई."

ते गेल्यावर आत्या मला म्हणाली, "काऊन वं, स्वायत्त म्हंजे काय?"

"सोताच्या मर्जीनं चालनारं."

"माह्या अंगात असं कायी हाये म्हनते तो?" आणि ती हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेना. तिला इतकं हसताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

मग वर्ध्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. सकाळच्या पॅसेंजरनं मी आत्याला घेऊन जायची, संध्याकाळी परत. डॉक्टर तिला कधी थंड पाण्यात हात बुडवायला लावायचे, कधी अचानक मागं थाळी वाजवायचे, आणि नाडी मोजायचे. आत्या सगळं करायची. जिनिंगमध्ये मुकादमाचं ऐकायची तसंच.

एके दिवशी त्यांनी तिला इंजेक्शन दिलं. घाबरल्यावर किंवा रागावल्यावर शरीर जो रस रक्तात सोडतं, तोच बाहेरून द्यायचा, म्हणजे अंगात येतं का ते पाहता येईल, असं ते म्हणाले. आत्या बाकावर बसली होती. थोड्याच वेळात तिचे ओठ कोरडे पडले, गळ्याजवळची शीर उडताना मला लांबून दिसली, हात थरथरू लागले, कपाळावर घाम आला. सगळी खूण पटली. डॉक्टर पुढं वाकले.

"आली का, बाई?"

आत्यानं मान हलवली. धाप लागली होती, तरी शब्द नीट उच्चारले. "दार तं वाजून राह्यलं, साहेब. पन आत कोनी आलं नाई."

डॉक्टरांना इतका आनंद झाला की त्यांनी ते वाक्य आपल्या मदतनिसाला दोनदा म्हणून दाखवलं. शरीरातली लक्षणं वेगळी आणि मनातला अनुभव वेगळा, हे या अशिक्षित बाईनं किती सोप्या शब्दांत सांगितलं, असं ते म्हणत होते. आत्याचे हात अजून थरथरत होते. मी तिला पाणी पाजलं. आत नेहमी कोण येतं, हे मात्र त्यांनी तिला विचारलं नाही.

ते तिनं मला सांगितलं, त्याच दिवशी, परतीच्या गाडीत. मी विचारलंही नव्हतं. डब्यात गर्दी नव्हती. दहेगाव मागं पडलं तेव्हा ती खिडकीबाहेर पाहत बोलायला लागली.

"तुह्या नवऱ्याच्या आंधी तीन लेकरं होते मले. तवा आमी खेड्यावर राहो. गावात पटकी आली. आमाले विहिरीवर चढू देत नोहते, नाल्याचं पानी प्यावं लागे. एक गेलं. मंग दुसरं गेलं. तिसरी पोरगी, ते पानी पानी करून राह्यलती. म्या मडकं घेतलं अन पाटलाच्या विहिरीवर गेली. वाढा म्हटलं. कोनी वाढे ना. लय वेळ उभी होती वं. मंग मले कायी समजलं नाई. काळीज असं धडाधडा, हात थंडेगार, केस सुटले. काय बोलली तेही आठोत नाई. डोये उघडले तं पाटलीन हात जोडून पुढं उभी. तिनं सोताच्या हातानं माहं मडकं भरून देल्लं."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. घरी आली तं पोरगी गेलती."

गाडीचा आवाज येत होता. ती पुन्हा म्हणाली, "पन पानी भेटलं. तवापासून ते येते."

मला रडू आलं, तर तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी डोळे पुसले.

पुढच्या फेरीला मी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. वाटलं, कोण पेटवतं ते त्यांना शोधायचं होतं, ते आता सापडलं. त्यांनी मला खुर्ची दिली, मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकलं. डोळेही जरा पाणावले असावेत. मग म्हणाले, "फार वाईट. असे आघात बहुतेकींच्या आयुष्यात असतात. पण ताई, दुःख मला मोजता येत नाही. रक्तदाब येतो. जे मोजता येतं तिथूनच मला सुरुवात करावी लागेल."

ते खोटं बोलत नव्हते. आजही तेच म्हणेन. ते कधीच खोटं बोलले नाहीत.

पावसाळ्याच्या सुमाराला त्यांनी गोळी सुरू केली. छोटी, पांढरी. सर्पगंधेच्या मुळापासून काढलेली, वैद्य लोक वेडावर आणि झोपेसाठी पूर्वीपासून ती मुळी देत आले आहेत, आता तिचं सत्त्व वेगळं काढलंय, मोठमोठ्या देशांत वापरतात, असं त्यांनी सांगितलं. आपल्याच मातीतली मुळी जगभर गेली, या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. माझ्या नवऱ्यालाही झाला.

आणि गोळीनं काम केलं. महिनाभरात आत्याचे झटके कमी झाले, मग थांबले. नाडी संथ झाली. वस्तीतले लोक म्हणू लागले की देव खोटे होते ते सिद्ध झालं, एका गोळीनं पळाले. नवरा सभेत तिचं उदाहरण देऊ लागला. डॉक्टर एकदा नागपूरचे दोन पाहुणे घेऊन आमच्याकडे आले. आत्या अंगणात बसली होती. ते पाहुण्यांना इंग्रजीत काही सांगत होते आणि आत्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते, नवीन घेतलेल्या सायकलीवर हात ठेवावा तसे.

त्यानंतर काय बदलत गेलं ते फक्त मला दिसत होतं, कारण घरात दिवसभर तिच्याबरोबर मीच होते. आधी तिचं नाक सतत चोंदलेलं राहू लागलं. मग ती सावकाश चालू लागली, पाय घासत. दळताना ती ओव्या म्हणायची, शेजारणीच्या नवऱ्यापासून माझ्या माहेरापर्यंत सगळ्यांवर ओव्या रचायची, त्या बंद झाल्या. मला वाटलं, देवांबरोबरची जुनी गोष्ट म्हणून सोडल्या असतील. पण तिनं मला रागावणंही सोडलं. भाजीत मीठ जास्त झालं तर आधी सगळ्या गल्लीला कळायचं. आता मीठ नसलेली भाजीही ती निमूट खायची, किंवा खायचीच नाही. पहाटे उठून बसायची आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहायचं. चेहरा कोरा, हुंदका नाही, नुसतं पाणी.

"आत्या, काय झालं वं?"

"कायी नाई."

"कुठं दुखून राह्यलं?"

"मले कायी दुखत नाई. दुखलं असतं तं बरं."

मी वर्ध्याला गेले की डॉक्टरांना सांगायची. ते रक्तदाब मोजायचे आणि समाधानानं मान हलवायचे. "शरीर अजून सवय करून घेतंय," म्हणायचे. "इतकी वर्षं जी बाई पेटलेली होती, ती विझल्यावर आपल्याला थंडच वाटणार." एकदा मी जरा जोरानं म्हटलं की ती जेवत नाही, बोलत नाही, हे बरं होणं नव्हे. त्यावर ते न चिडता म्हणाले, "ताई, तुम्हाला त्यांच्या आरडाओरड्याची सवय झाली होती. शांत माणूस आजारी वाटणं साहजिक आहे." आणि गोळी थोडी वाढवली.

दिवाळीनंतर एका दुपारी मी पाणी भरून आले तर आत्या घरात नव्हती. जिनिंगमध्ये नव्हती, रुळांवर नव्हती. नदीवरून एक भोई धावत आला. त्याच्या जाळ्यापासून थोड्या अंतरावर एक बाई पाण्यात उतरली, छातीपर्यंत गेली, आणि तिथं खाली बसली. उडी नाही, किंकाळी नाही. जेवायला बसावं तशी बसली, तो म्हणाला. त्यानं तिला ओढून बाहेर काढलं तेव्हा तिनं जराही झटापट केली नाही. मी पोचले तेव्हा ती वाळूवर ओल्या लुगड्यात होती. मला पाहून म्हणाली, "तुह्या घरचं काम खोळंबलं असन. जाय."

नवऱ्यानं डॉक्टरांना निरोप पाठवला. दोन दिवसांनी ते आले. त्यांनी सगळं बारकाईनं विचारलं. झोप कधीपासून गेली, भूक कधीपासून गेली, रडणं पहाटे जास्त की संध्याकाळी. मला वाटलं, आता यांना कळलं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगत गेले. आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की त्यांचे डोळे चमकताहेत.

"परदेशातही हेच दिसू लागलंय," ते नवऱ्याला म्हणाले. "रक्तदाबासाठी ही गोळी घेणारी चांगली हसती-खेळती माणसं अशीच खचतात. आणि तिकडच्या प्रयोगशाळेत दिसलंय की ही गोळी मेंदूतली काही द्रव्यं कमी करते. लक्षात येतंय का? म्हणजे उदासी ही एखाद्या द्रव्याची कमतरता असू शकेल! आजवर आपण जिला मनाचं दुःख म्हणत आलो, तिच्या मुळाशी रसायन असेल!"

आत्या त्यांच्यापासून हातभर अंतरावर भिंतीला टेकून बसली होती.

त्यांनी तिला वॉर्डात ठेवून घ्यायची परवानगी मागितली. काही आठवडे गोळी चालू ठेवून, रक्त, लघवी आणि पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायचं, मग गोळी बंद करून पुन्हा तपासायचं. चोवीस तास लक्ष राहील, नदी नाही, विहीर नाही. पुढं लाखो लोकांना याचा उपयोग होईल.

ते जीपकडे गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "नाई पाठवाची."

"तुले काय समजते यातलं?"

"गोयीनं असं झालं हे ते सोताच म्हनून राह्यले. अन तेच गोयी पुन्हा देनार."

"आपुन देव बुडवले ते काऊन? मांत्रिकाच्या मागं लागाले? हे विज्ञान हाये. हा मानूस आपल्या घरचं पानी प्याला."

"आत्याले विचारा."

आम्ही विचारलं. तिनं दोघांकडे पाहिलं. जिनं देवांची टोपली स्वतःच्या डोक्यावर नेली होती ती बाई म्हणाली, "जे कराचं ते करा." नवऱ्यानं त्याला होकार धरला.

मी तिच्याबरोबर वॉर्डात राहिले. लोखंडी खाटा, पांढऱ्या चादरी, सगळं अगदी स्वच्छ. आत्यासारख्या आणखी काही बाया होत्या, बहुतेक आमच्यासारख्याच घरांतल्या. सावकारांच्या, वकिलांच्या घरातल्या बायकांची काळजं धडधडत नसावीत. पाठीच्या कण्यात सुई घालताना आत्याला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन घट्ट धरावं लागलं. मीच धरलं. ती विव्हळली नाही. नंतर डोकं इतकं दुखत होतं की उजेड सहन होईना, तरी बोलावणं आलं की उठून बसायची. तिच्या केसांत जटा झाल्या होत्या. मी सोडवायला घेतल्या, तर मूठभर केस हातात आले आणि तिनं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मदतनीस गोळी घेऊन आला तेव्हा मी आत्याचं लुगडं, तांब्या आणि घोंगडी गाठोड्यात बांधत होते. त्यानं डॉक्टरांना बोलावून आणलं. मी सांगितलं, घरी नेते. ते म्हणाले, अजून थोडेच दिवस, आता सोडलं तर आजवरचं सगळं वाया जाईल. मी आत्याला दंडाला धरून उभं केलं. त्यांनी अडवलं नाही. व्हरांड्यात येऊन फक्त एवढंच म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

मी गाठोडं काखेत घेतलं. उत्तरं नंतर पुष्कळ सुचली. स्टेशनपर्यंत आत्या पाय घासत चालली आणि मी तिच्या चालीनं चालले.

नवरा कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. गोळी बंद झाली. थंडी सरता सरता आत्या थोडं थोडं खाऊ लागली. गहू काढायच्या दिवसांत एकदा स्वतःहून उठून तिनं अंगण झाडलं. पहाटेचं रडणं थांबलं. होळीनंतर ती जिनिंगमध्ये परत गेली. पण ओवी परत आली नाही, शिवी नाही, आणि अंगात येणंही नाही. डॉक्टर म्हणायचे तसं गोळीचा अंमल उतरल्यावर सगळं पूर्ववत व्हायला हवं होतं. झालं नाही. का, हे मला माहीत नाही. कदाचित नदीच्या पाण्यात बसल्यावर तिनं स्वतःच काही ठरवलं असेल. वस्तीत आजही सांगतात की तिला वर्ध्याच्या डॉक्टरांनी बरं केलं.

पुढच्या वर्षी त्या डॉक्टरांचं वर्ध्याला व्याख्यान झालं. नवरा मला घेऊन गेला, बहुधा माझा राग जावा म्हणून. ते सोप्या मराठीत फार छान बोलले. मन आणि शरीर दोन नाहीत, असं म्हणाले. एका ग्रामीण स्त्रीची हकीकत त्यांनी सांगितली. धार्मिक उन्माद, मज्जासंस्थेचा क्षोभ, औषधानं आलेली शांती, पुढं आलेली उदासी, त्यातून मेंदूच्या रसायनांवर पडलेला प्रकाश. "दार वाजलं, पण आत कोणी आलं नाही," हे तिचं वाक्यही सांगितलं. सभागृह भारावून गेलं. विहीर नव्हती, मडकं नव्हतं, तीन लेकरं नव्हती. शेवटी टाळ्या झाल्या. शेजारी बसलेला माझा नवराही टाळ्या वाजवत होता.

त्यानंतर एकदा ते पुलगावला कशाला तरी आले होते, तेव्हा आमच्याकडे डोकावले. पुन्हा पाणी प्याले. आत्या तांदूळ निवडत बसली होती. ते तिच्यापुढं उकिडवे बसले आणि मनापासून म्हणाले, "कशा आहात, बाई?" आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग सूप बाजूला ठेवलं, चोळीची बाही वर सारली आणि पट्टा बांधायला दंड पुढं केला. त्यांच्याजवळ पट्टा नव्हता. ते ओशाळून हसले, तिचा हात हातात घेऊन हळूच खाली ठेवू लागले. ती मात्र आपला दंड तसाच पुढं धरून होती. मोजून झाल्याशिवाय खाली घ्यायचा नसतो, असं तिला तिथं शिकवलं होतं.

ती गेली साध्या तापानं, काही वर्षांनी. मी तोवर शाळेत शिक्षिका झाले होते.

पुष्कळ वर्षांनी माझ्या मुलीला पहिल्या बाळंतपणानंतर उदासीचा आजार झाला. बाळाकडे पाहायची नाही, पहाटे उठून बसायची. तिला तसं बसलेलं पाहून मला आत्याच दिसली. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तरुण मुलगा होता, हुशार. मी घाबरलेली पाहून त्यानं समजावून सांगितलं की मेंदूतली द्रव्यं कमी झाली की असं होतं, या गोळ्या ती वाढवतात. हे कसं कळलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, फार पूर्वी रक्तदाबाची एक गोळी होती, ती घेऊन काही लोक असेच खचले, त्यावरून शास्त्रज्ञांना सुचलं.

मी चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेले. मुलीला गोळ्या रोज माझ्या हातानं दिल्या. ती बरी झाली, बाळाला घेऊन हसू लागली, आणि मला माझ्या आनंदाचाच राग आला. उपकार कोणाचे मानायचे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या वर्ध्याच्या डॉक्टरांचे मानायला मन तयार होत नाही. आणि आत्यानं तर कोणाला काही दिलं नव्हतं. तिच्याकडून ते घेतलं गेलं होतं.